राक्षसाच्या पाठीला चेन कुठं लावायची?

गेल्या अंकात मी अस्वलाच्या पोशाखावर दोन पानं लिहिली आणि संपादकांनी पत्रांची पिशवीच वडगावला माझ्या घरी धाडून दिली. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी बेळगावात फोमचे पोशाख करते. सिनेमातली जनावरं, राक्षस, जाहिरातीतले मोठ्या डोक्याचे बाहुले. घर विणकरांचं. सोफ्याची कव्हरं शिवता शिवता गोरेगावच्या एका वर्कशॉपमध्ये पोचले, सात वर्षं तिथं काढली, सासूबाईंच्या आजारपणात परत आले ती इथलीच झाले. गल्लीत सगळे अक्का म्हणतात, तुम्हीही म्हणा. सगळ्या पत्रांना उत्तर जमणार नाही. 'हिरोला भेटलात काय?' असं विचारणाऱ्यांना तर अजिबात नाही.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात जंगलावर नाटक बसवतोय, त्यात अस्वल हवं आहे. फोमच्या दुकानात गेलो तर दुकानदार 'कितीची डेन्सिटी?' विचारतो. तिथंच आमचं घोडं अडलंय.
*एक शिक्षक, खानापूर तालुका*

सर, डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोम किती किलो भरतो, एवढंच. ३२ डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ३२ किलो. आकडा मोठा म्हणजे फोम कडक असं सगळ्यांना वाटतं, पण कडकपणा वेगळा आणि वजन वेगळं. दुकानात अंगठ्यानं दाबून सोडा, खड्डा लगेच भरला की घ्या. धडाला २८ चा, एक इंच जाडीचा पुरे. खांद्याचा उंचवटा आणि पोट दोन इंची करा. सहा बाय तीन फुटांची एक इंची शीट २८ ची असेल तर सव्वा किलोच्या आत भरते, ४० ची असेल तर पावणेदोनच्या घरात जाते. अशा तीन शीट, वर फरचं कापड, शिवाय डोकं. आठवीतलं पोरगं ४० चा फोम अंगावर घेऊन नाचेल काय? तो सोफ्याच्या बैठकीचा माल, त्याला तिथंच राहू द्या.

फोमला ब्लेड लावायच्या आधी वीतभर उंचीचं अस्वल मातीत करा. कौलांच्या आणि कुंभारांच्या गावात राहून तुम्हाला माती कमी पडायची नाही. पोरं जे अस्वल करतात ते टेडी बेअर असतं, गोल कानाचं, गुबगुबीत. आपलं अस्वल तसं नाही. केस लांब आणि विस्कटलेले, तोंड लांबट आणि फिकं, छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढरट पट्टा, नखं बोटाएवढी. भीमगडच्या बाजूला अस्वल बघितलेली माणसं घराघरात आहेत. त्यातल्या एखाद्या आजोबांना शाळेत बोलवा आणि ते चालतं कसं, हे करून दाखवायला सांगा. मी थट्टा करत नाही. जपानच्या तोहो कंपनीनं १९५४ साली गॉडझिला नावाच्या राक्षसाचा सिनेमा काढला, तेव्हा त्या पोशाखात शिरणारे हारुओ नाकाजिमा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं पाऊल कसं टाकतात ते बघत बसायचे. पोशाख कितीही चांगला झाला तरी आतलं पोरगं पोरासारखंच चाललं तर पहिल्या रांगेतली बालवाडीसुद्धा हसते.

फरचं कापड मात्र कात्रीनं कापू नका. उलटं घालून मागच्या विणीला ब्लेडनं फक्त रेघ मारायची, केस अखंड राहतात. कात्री लावलीत तर अस्वल न्हाव्याकडून आल्यासारखं दिसेल.

मी ३० वर्षं टेलरिंग करतो. नातवासाठी फोमचं डोकं करायला घेतलं, पण सपाट शीटचा गोल काही होत नाही. आणि बाही मापानंच कापली तरी हातात जात नाही!
*एक टेलर, संकेश्वर*

मामा, तुमच्या पत्रानं फार बरं वाटलं. हा धंदा अर्धा गादीवाल्याचा आणि अर्धा टेलरचा आहे, सिनेमावाल्यांचा त्यात वाटा थोडकाच.

डोकं म्हणजे कळ्यांचा झगा समजा. सोललेल्या संत्र्याच्या फोडीसारख्या सहा कळ्या कापा, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. कडा काटकोनात कापायच्या नाहीत, आतल्या बाजूला तिरक्या. काठाला काठ चिकटत गेला की शीट आपोआप वळते. जिथं नुसता फुगवटा हवा, गालाचा किंवा भुवईचा, तिथं ब्लाऊजला घालता तसे टक्स घाला. फक्त इथं टक्सचं कापड आत दुमडायचं नाही, कापून टाकायचं आणि दोन्ही काठ चिकटवायचे.

आता बाहीचं. तुम्ही माप घेतलंत दंडाचं आणि त्याच मापानं फोम कापलात. कापडाला जाडी नसते म्हणून तिथं चालून जातं. एक इंच जाडीचा फोम गोल वळवला की बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सव्वासहा इंचांनी जास्त भरतो. बाहेरून माप बरोबर आलं म्हणजे आतून सहा इंच गेले, हात जाणार कसा?

आम्ही माप टेपनं घेतच नाही. ज्याला पोशाख घालायचा त्याला जुने कपडे घालून उभा करायचा, स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची, त्यावरून चिकटपट्टी मारत जायचं. छातीवर मारताना श्वास भरून घ्यायला सांगायचं, नाहीतर पुढं त्याला श्वासच घेता येत नाही. मग मार्करनं शिवणीच्या रेघा आखायच्या, पाठीतून बोथट टोकाच्या कात्रीनं उघडायचं आणि रेघांवरून तुकडे करायचे. ते तुकडे सपाट झाले की तुमचे पॅटर्न तयार. कापायला दातांची सुरी घेऊ नका. लांब पात्याचा कटर घ्या, पातं थोडं ओलं करा आणि ढकलू नका, ओढा.

चिकटवायला फेविकॉलचं एसआर, म्हणजे रबरी सोल्युशन, लाकडाचं पांढरं फेविकॉल नव्हे. दोन्ही काठांना पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकटू नये इतकं वाळलं की मग जोडायचं, आणि एकदा टेकलं की टेकलं. आमच्याकडं जुलैत मोठा वैताग असतो. त्यातलं द्रावण उडताना काठ गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते, पांढरट साय येते आणि सांधा दुसऱ्या दिवशी सालीसारखा सुटतो. पावसाळ्यात मी प्रत्येक सांध्याला वरून दोन टाके घालते. तुम्हाला तर सवयच आहे. खिडकी मात्र उघडी ठेवा, नातवाला बाजूला बसवू नका, जवळ उदबत्तीसुद्धा नको.

मला हॉलिवूडसारखे फोम लॅटेक्सचे चेहरे करायचे आहेत. निपाणीत बसून शिकता येईल का? घरचा मिक्सर आणि ओव्हन चालेल का?
*बीएस्सीचा विद्यार्थी, निपाणी*

अरे बाबा, ओव्हनचं सांगते, आधी बस.

फोम लॅटेक्स म्हणजे गादीचा फोम नव्हे. रबराच्या झाडाचा चीक, साधारण ६० टक्के रबर असलेला. आपल्याकडं तो केरळातून कॅनमधून येतो. त्यात साबणासारखा फेस आणणारा माल आणि गंधक असलेला माल घालून केकच्या मिक्सरमध्ये फेटायचा. फुगून कितीतरी पट होतो. मग वेग कमी करून बारीक बुडबुडे करायचे, तेव्हा अमोनिया असा सुटतो की डोळ्यांतून धारा लागतात. शेवटी गोठवणारा माल घातला की मोजून काही मिनिटं हातात. तेवढ्यात जिप्समच्या साच्यात ओतलास तर ठीक, नाहीतर भांड्यातच त्याची इडली होते. साचा बंद करून ८५ अंशांच्या आसपास तीन-चार तास भाजायचा. निघतं ते इतकं मऊ की नटानं भुवई उचलली की राक्षसाचीही उचलते. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या सिनेमातल्या चेहऱ्यांना हाच माल होता. म्हणजे नव्वदीकडं झुकलेली विद्या आहे, आणि मूळ पद्धत फारशी बदललेली नाही.

गोरेगावात आम्ही वहीत रोजचं तापमान आणि हवेतली ओल लिहायचो, कारण त्यावर गोठायचा वेळ बदलतो. ती वही घेऊन मी बेळगावला आले आणि पहिल्या पावसाळ्यातच कळलं की ती वही इथं चालत नाही. पाच घाणे वाया गेले. सहावा जमला, पण भाजायला एवढा मोठा ओव्हन कुठला? आमच्या भागातल्या एका बेकरीवाल्यांना गळ घातली. भट्टी रात्री निवत आलेली असते, तेव्हा साचा ठेवू देतो म्हणाले. भला माणूस. चेहरा झाला झकास, पण दुसऱ्या दिवशीच्या खारीला गंधकाचा आणि जळक्या टायरचा वास. तिसऱ्या दिवशीच्या बटरलाही. गल्लीत कुणी मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं. भट्टी घासून द्यायला मी आणि माझा भाचा दोन दिवस गेलो. ज्या भट्टीत हा माल भाजला त्यात परत अन्न भाजायचंच नसतं, हे मला माहीत होतं. तरी केलं. म्हणून तुझ्या आईच्या ओव्हनला हात लावू नकोस.

निपाणीत बसून काय येईल ते सांगते. गादीच्या फोमचं कोरीव काम कर. बारीक कात्रीनं चिमटीएवढे तुकडे काढत जायचं, न्हावी केस कापतो तसं. चपलेच्या तळव्याचा ईव्हीए फोम घे, हीटगननं गरम करून गुडघ्यावर वाकव, शिंगं आणि खवले त्याचे होतात. वरून लॅटेक्सचे चार-पाच हात स्पंजनं टिपत दे, पुसत नाही. दोन हातांच्या मधे टिश्यू पेपर फाडून चुरगाळून बसव, म्हाताऱ्या कातडीच्या सुरकुत्या फुकटात मिळतात. वाळल्यावर पावडर मार, नाहीतर स्वतःलाच चिकटतं. आणि लॅटेक्स कुणाच्याही अंगाला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघ. काहींना त्याची फार वाईट ॲलर्जी असते.

आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यात गेल्या वर्षी राक्षसाच्या पोशाखातला कार्यकर्ता चक्कर येऊन पडला. यंदा पोशाख हलका केलाय. अजून काय काळजी घ्यावी?
*गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता, बेळगाव*

भाऊ, पोशाख हलका केलात ते बरं, पण तो वजनानं पडला नसेल, उकाड्यानं पडला असेल.

फोम म्हणजे हवा कोंडून ठेवणारी वस्तू, म्हणून तर थर्माससारखी ऊब धरते. माणूस आत घामेजतो, पण घाम वाळायला हवा हलावी लागते. आतली हवा पाच मिनिटांत ओलीचिंब होते, मग घाम नुसता वाहतो, अंग गार करत नाही. गॉडझिलाचा पहिला पोशाख १०० किलोच्या आसपास होता असं सांगतात. नाकाजिमांना त्यात धड चालताही येत नव्हतं, म्हणून दुसरा हलका केला. हलक्यातूनही घाम ओतून काढायची वेळ यायचीच.

माझ्यावर गुदरलेलं सांगते. चोर्ल्याच्या घाटाजवळ शूटिंग होतं, ऑक्टोबरातलं ऊन. दलदलीतल्या प्राण्याचा पोशाख, आत माझा भाचा. ठरलं होतं दहा मिनिटं आत, वीस मिनिटं डोकं काढून सावलीत. पहिले तीन वेळा पाळलं. चौथ्या वेळी 'बस, अजून एक' झालं. मग परत 'बस, अजून एक.' त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या पोराला कुणीतरी छत्री आणायला पिटाळलं. भाचा आतून 'बस, बस' म्हणत होता, पण सेटवर सगळेच बस बस करत होते आणि फोममधून आवाज येतो तो रजईतून आल्यासारखा. तो हळूच गुडघ्यावर बसला. लोक म्हणाले, काय मस्त करतोय! चेहरा राक्षसाचा, तो पांढरा पडत नाही की घामेजत नाही. मला दिसली ती बोटं. पंजातली बोटं तो सतत हलवत असायचा, सवयच होती त्याची, आणि ती थांबली होती.

चेन शोधत बसले नाही. गादीच्या कापडाची मोठी कात्री कमरेला होती, पाठ वरून खालपर्यंत फाडली. तीन आठवड्यांचं काम. भाचा पाणी मारल्यावर उठला, संध्याकाळी भजी मागत होता. त्या कंपनीनं पोशाख फाडल्याचे पैसे माझ्या बिलातून कापले. कापू देत.

तेव्हापासून आमच्याकडं 'बस' हा शब्द पोशाखात बंद. आतला माणूस म्हणतो 'साकु'. आपल्या भागात पुरे या अर्थाचा हा कानडी शब्द मराठी पोरालाही कळतो आणि मुंबईहून आलेल्यांच्या बोलण्यात तो चुकूनही येत नाही. बोलता येत नसेल तर दोन्ही पंजे डोक्यावर. ते दिसलं की काम थांबतं, मग समोर कुणीही असो. त्याच्याबरोबर एक माणूस कायम, त्याला दुसरं काम सांगायचं नाही, चहासुद्धा आणायला लावायचं नाही. कात्री त्याच्या खिशात. डोक्याच्या वरच्या बाजूला कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवा, हवा बाहेर फेकणारा. गरम हवा वर जाते, तिला तिथूनच काढायची, गार हवा तोंडातून आत येते. पंखा उलटा बसवून आत हवा मारू नका, डोळ्यांत सगळी धूळ जाते.

आता तुम्ही जे विचारलंच नाहीत ते. मंडळ म्हणजे फटाके, आरती, कापूर. पॉलियुरेथेन फोम, म्हणजे हाच आपला गादीचा फोम, पेटला तर विझवायला वेळ मिळत नाही. भोकाभोकात हवा असते, जळताना तो वितळून ठिबकतो, आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. आत माणूस चेन लावून बंद. म्हणून फोमचा राक्षस आरतीच्या वेळी मांडवात नको आणि फटाक्यांच्या मिरवणुकीत तर नकोच नको. शिवजयंतीच्या चित्ररथासाठीही मला दरवर्षी विचारतात. मी एकच अट घालते की त्या गाडीवर मशाल खरी नको. अर्धे लोक तिथंच उठून जातात. जाऊ देत.

मुलगी बारावी झाली, म्हणते हेच काम करणार. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं ना? पोट भरेल का?
*एक आई, चिकोडी*

ताई, खरं सांगते. नुसत्या सिनेमावर माझं पोट भरत नाही. वर्षात सिनेमाची कामं हाताच्या बोटावर, ती आली की रात्र-रात्र जागायचं आणि पैसे सहा महिन्यांनी. घर चालतं ते दुकानांच्या जाहिरातींचे बाहुले, शाळांची नाटकं आणि अजूनही सोफ्याच्या कव्हरांवर. कॉम्प्युटरनं काम घेतलं हे खरं. पण आता उलटंही होतं. पोशाख घालून शूटिंग करतात आणि डोळे, शेपूट तेवढी नंतर कॉम्प्युटरवर हलवतात. नटाला समोर काहीतरी धरायला, घाबरायला लागतं.

तिला थेट मुंबईला पाठवू नका. महागडे कोर्स आहेत, त्यात फोटो छान काढून देतात. आधी एक वर्ष चांगल्या टेलरकडं बसवा, सहा महिने गादीवाल्याकडं, जमलं तर एखाद्या गणपती करणाऱ्या मूर्तिकाराकडं माती मळायला. एवढं करूनही ती हेच म्हणाली तर माझ्याकडं घेऊन या. येताना तिनं स्वतः शिवलेलं काहीतरी आणावं, फोटो नकोत.

दोन वर्षांपूर्वी केलेला ड्रॅगन माळ्यावरून काढला तर फोमचा भुगा पडतोय आणि वरची रबरी कातडी चिकट झालीय. वाचवता येईल का?
*नाट्यमंडळाचा सदस्य, लोंढा*

नाही. फोटो काढून ठेवा आणि आतल्या चेन, पंखा काढून घ्या.

लोंढ्याचा पाऊस आणि कौलाखालचा माळा, फोमला याहून वाईट जागा नाही. ऊन आणि ओल दोन्ही त्याला खातात, कातडीच्या रबराला ऊन आणि तांबं. हो, तांबं. पितळी बटणं किंवा तांब्याची तार लॅटेक्सला लागून असेल तर तिथून ते आधी चिकट होतं. पुढचा ड्रॅगन काळोख्या, कोरड्या खोलीत ठेवा, खुंटीला टांगू नका, आत जुन्या साड्या भरून आडवा ठेवा. आणि भिजवू नका. मोठमोठ्यांची फजिती झालीय. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'मधला तो मोठा टायरॅनोसॉरस पावसातल्या प्रसंगात भिजला, त्याच्या फोमच्या कातडीनं पाणी प्यायलं, वजन वाढलं आणि आतलं यंत्र थडथडायला लागलं. लोक टॉवेल घेऊन डायनोसॉर पुसत बसले होते. तुमच्याकडं तर जूनपासून तोच प्रसंग.

हसू नका अक्का, पण आमच्या भावाला सिनेमात राक्षसाचं काम मिळालंय. दिवसभर पोशाखात. लघवीला जायचं कसं? चेन पुढं असते की मागं?
*बहीण, गोकाक*

हसले नाही. गोरेगावात पहिल्या दिवशी माझ्या उस्तादांनी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी लाजून गप्प बसले होते. तेव्हा ते म्हणाले, हे ज्याला आधी सुचत नाही त्यानं तोंड कोरायला बसू नये.

चेन मागं. कॅमेरा बहुतेक पुढं असतो आणि पाठीवर काटे, केस, कणा असं काहीतरी असतं, त्याखाली ती लपते. पण मागची चेन आतल्याला स्वतः उघडता येत नाही, पंज्यांनी तर नाहीच. म्हणून मी दोन्ही टोकांनी उघडणारी चेन लावते. मानेकडून उघडली की डोकं सुटतं आणि जीव वाचतो, कमरेकडून उघडली की बाकीचं निभतं. जमेल तिथं तर कमरेतून दोनच भाग करते. खालचा भाग विजारीसारखा, खांद्यावर पट्टे, वरचा अंगरख्यासारखा त्यावर येतो. जोड पोटाच्या वळीत लपवायचा. सगळ्या राक्षसांना पोट असतं ते काय उगीच?

शूटिंगला जाण्याआधी भावाला पोशाख करणाऱ्याकडं जाऊन घड्याळ लावून बघायला सांगा, 'साकु' म्हटल्यापासून डोकं बाहेर यायला किती वेळ लागतो. माझ्याकडं वीस सेकंदांच्या वर गेलं तर चेन उसवून परत लावतो. आणि सकाळी चहा एकच कप. पाणी मात्र भरपूर प्यायचं, ते सगळं घामातच जातं.